नागरिकांच्या पक्षिनोंदी आणि धाराशिवचे माळ: एक आढावा

एक यादी

हौशी पक्षिनिरीक्षकाच्या कामाचे सर्वांत लहान एकक म्हणजे एक यादी. ठिकाण, तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटे पाहिले, किती अंतर चालले, सोबत किती जण होते, आणि मग पक्ष्यांची नावे व त्यांची संख्या. एवढ्या रकान्यांत एक सकाळ मावते. शेवटी एक प्रश्न विचारलेला असतो आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा: ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत लिहिले आहेत का? उत्तर ‘हो’ असेल तर ती पूर्ण यादी. पूर्ण यादीत जे नाव आहे ते तर बोलतेच, पण जे नाही तेही बोलते.

उदाहरणादाखल, नळदुर्गजवळ बोरी नदीवरच्या तलावाकाठी जानेवारीतल्या एका सकाळी कोणी २० मिनिटे उभे राहिले असे धरू. टिटवी ४, गायबगळा ११, कोतवाल ३, वेडा राघू ६, खंड्या १, धोबी २. साळुंक्या समोरच्या बाभळीवर कलकलाट करत होत्या. पण साळुंकी काय, रोजचीच, म्हणून ती लिहायची राहिली. इथे यादी अपूर्ण झाली. उद्या या भागात साळुंकी कमी झाली का, असा प्रश्न आला तर ही सकाळ साक्ष देऊ शकणार नाही. दुर्मीळ पक्षी लिहायला कोणी विसरत नाही. नेहमीचा पक्षी मात्र लिहायचा राहून जातो, आणि जैवविविधतेचे मोजमाप प्रामुख्याने नेहमीच्या पक्ष्यांवरच उभे असते.

अशा लाखो याद्या एकत्र केल्या तर त्यांतून देशातल्या पक्ष्यांची स्थिती कळते का, कळली तर कितपत, आणि धाराशिवसारख्या कमी निरीक्षकांच्या जिल्ह्यात त्या आधारावर काही बोलता येते का, या प्रश्नांवर गेली काही वर्षे चर्चा चालू आहे.

पूर्वपीठिका

पक्षी मोजण्याची सार्वजनिक प्रथा अमेरिकेत १९०० साली सुरू झाली. नाताळच्या दिवशी जास्तीत जास्त पक्षी मारण्याच्या चढाओढी तिथे होत. त्याऐवजी पक्षी मोजावेत, असे फ्रँक चॅपमन यांनी सुचवले. ती गणना आजही दरवर्षी होते, आणि सव्वाशे वर्षांची ही अखंड मालिका नागरिकांच्या नोंदींचे सर्वांत जुने मोठे उदाहरण मानली जाते.

भारतात पक्ष्यांचा अभ्यास बराच काळ नमुन्यांवर चालला. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहातली कातडी भरलेली खोकी ही त्या काळची माहिती. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये केलेले हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण याच पद्धतीचे. त्याचे वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये आले. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, ज्यात आजचे धाराशिव येते, निजामाच्या याच संस्थानात होता, त्यामुळे या भागाच्या पक्षिअभ्यासाचा उगम शोधताना मुंबई इलाख्याच्या कागदांपेक्षा हैदराबादच्या कागदांकडे आधी जावे लागते.

सामान्य माणसांना मोठ्या संख्येने मोजणीत आणणारा भारतातला पहिला दीर्घ उपक्रम म्हणजे १९८७ साली सुरू झालेली आशियाई पाणपक्षी गणना. दर जानेवारीत तलाव, धरणे, खाड्या येथे जाऊन पाणपक्षी मोजायचे, असे तिचे स्वरूप. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल प्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन संस्थेने ‘ई-बर्ड’ सुरू केले. कोणीही, कुठूनही, कधीही यादी भरू शकेल असे हे कोठार होते. भारतात २००७ पासून ‘मायग्रंट वॉच’ने स्थलांतरित पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या तारखा गोळा केल्या, चातकाचे आगमन आणि मोसमी पाऊस यांचा जुना समज तारखांच्या आधारे तपासण्याची सोय त्यातून झाली. २०१३ मध्ये फेब्रुवारीतल्या जागतिक पक्षिगणनेत भारतीय निरीक्षक संघटितपणे उतरले आणि २०१४ मध्ये ‘बर्ड काउंट इंडिया’ हे जाळे उभे राहिले. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र पक्षिमित्र’ची संमेलने त्याच्या कितीतरी आधीपासून भरत होती. २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून शासनाने जाहीर केला आहे. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सालिम अली यांच्या.

या साऱ्याची एकत्रित फळे दोन अहवालांत दिसली. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालासाठी सुमारे १५,५०० निरीक्षकांच्या १ कोटीहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या आणि ८६७ जातींचा विचार झाला. २०२३ च्या आवृत्तीत निरीक्षक ३०,००० झाले, नोंदी ३ कोटींवर गेल्या आणि जाती ९४२. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के घटत्या निघाल्या. चालू वार्षिक कल ३५९ जातींचा काढता आला. त्यांतल्या ३९ टक्के घटत आहेत. आजची चर्चा मुख्यतः या आकड्यांभोवती फिरते.

जिल्हा आणि त्याचे पक्षी

धाराशिव जिल्हा ७,५६९ चौरस किलोमीटरचा, आठ तालुक्यांचा: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा. बालाघाटच्या रांगा त्यातून जातात. उत्तरेला मांजरा, पश्चिमेला सीना, मधून तेरणा आणि दक्षिणेला बोरी. राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य १९९७ सालचे, क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याच्या तीनशेव्या हिश्शाच्याही आत. बाकी सारा जिल्हा म्हणजे शेते, गायराने, कुसळी गवताचे माळ, पाझर तलाव आणि मध्यम प्रकल्प.

मात्र कमी वन म्हणजे कमी पक्षी असे गणित नाही. माळावर चंडोल, डोंबारी, धाविक, पखुर्डी, तित्तीर, लावा, गप्पीदास, खाटीक राहतात. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून येतात आणि गवतावरून कमी उंचीवर घिरट्या घालत जातात. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. शेकडोंचा थवा एकाच वेळी वळतो तेव्हा आधी काळा आणि मग गुलाबी दिसतो. पहाटेपासून गोफण घेऊन राखणीला बसणाऱ्या शेतकऱ्याला हा पक्षी कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त ओळखीचा आहे. त्याच भोरड्या शिवारातले टोळ आणि अळ्याही फस्त करतात.

शेजारी, सोलापूर जिल्ह्यातले नान्नज हे माळढोकाचे ठिकाण. १९७९ मध्ये जाहीर झालेले माळढोक अभयारण्य सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले होते. पुढे त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटरवरून १,२२२ वर आणले गेले. माळढोकाच्या मोजणीला तिथे वन विभाग आणि स्वयंसेवक वर्षानुवर्षे बसत आले, आणि पक्षी घटत घटत एखाददुसऱ्यावर आल्याचे त्यांनीच नोंदले. परंडा आणि तुळजापूरचे माळ त्याच पट्ट्यातले. माळढोकाला तालुक्याची हद्द ठाऊक नव्हती. मोजणी मात्र हद्दीच्या अलीकडे थांबली.

जुन्या नोंदी वाचताना दोन सावधगिऱ्या घ्याव्या लागतात. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीची ‘उस्मानाबाद जिल्हा’ अशी नोंद आजच्या औसा किंवा निलंग्याची असू शकते. आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, त्यामुळे एकाच भूमीच्या नोंदी कोठारांमध्ये दोन नावांखाली सापडतात. बारकावा किरकोळ वाटतो, पण तो न पाहिल्यास पक्षी एका जिल्ह्यातून ‘नाहीसा’ होऊन दुसऱ्यात ‘प्रकटतो’.

नोंदींच्या बाजूने

समर्थकांचा पहिला मुद्दा व्याप्तीचा आहे. भारतात १,३०० हून अधिक जातींचे पक्षी आढळतात. पगारी शास्त्रज्ञांची कितीही मोठी तुकडी देशभर दरमहा फिरू शकत नाही. परंड्याच्या तलावावर दर रविवारी जाणारा शिक्षक किंवा उमरग्याचा डॉक्टर हे काम विनामूल्य करतो, तेही आवडीने आणि वर्षानुवर्षे.

दुसरा मुद्दा नेहमीच्या पक्ष्यांचा. गिधाडांची गोष्ट इथे नेहमी सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. पांढऱ्या पाठीचे गिधाड विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इतके सर्रास होते की गावाबाहेरच्या हाडक्यावर ते मोजायचे कोणाला सुचले नाही. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्याची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे कारण निघाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ही घसरण आकड्यांत मांडता आली ती काही संशोधकांनी रस्त्याकडेने केलेल्या मोजण्यांमुळे. मराठवाड्याच्या बहुतेक गावांत ‘पूर्वी लई गिधाडं असायची’ या आठवणीपलीकडे काही उरलेले नाही. आज सर्रास असलेला पक्षी आजच नोंदला तर ही वेळ पुन्हा येणार नाही, असे समर्थक म्हणतात, आणि या मुद्द्याला उत्तर देणे कठीण आहे.

तिसरा मुद्दा असा की नागरिकांच्या नोंदी लोकप्रिय समजुतींना छेद देतात. चिमणी संपली, हे वाक्य शहरांत इतके रूढ झाले होते की ते तपासण्याची गरज कोणाला वाटली नाही. २०२० च्या अहवालाने दाखवले की मोठ्या शहरांत चिमणी घटली असली तरी देशपातळीवर ती साधारण स्थिर आहे. उलट ज्याच्यासाठी कोणी हळहळत नव्हते तो नीलपंख, म्हणजे चास, २०२३ च्या अहवालात घटत्या पक्ष्यांत निघाला आणि त्याच्या जागतिक दर्जाचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस झाली. मोर मात्र २००० पूर्वीच्या आधारकाळाच्या तुलनेत १५० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे दिसले. पेरलेले दाणे उकरणाऱ्या मोरांबद्दल येडशीच्या परिसरातल्या शेतकऱ्याला विचारले तर त्याला या आकड्याचे नवल वाटणार नाही.

आक्षेप

आक्षेप घेणारेही पक्ष्यांवर तितकेच प्रेम करणारे आहेत, हे आधी नमूद करायला हवे. त्यांचे म्हणणे चार प्रकारचे आहे.

पहिले, जागेचा कल. निरीक्षक जिथे राहतो, जिथे रस्ता जातो आणि जिथे पक्षी मिळण्याची खात्री असते, तिथे याद्या साचतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची माणसे हिवाळाभर येतात. तिथल्या याद्यांचा ढीग आणि भूम तालुक्यातल्या एखाद्या गायरानावरच्या याद्या यांची तुलनाच होऊ शकत नाही. नकाशावर भिगवण गर्द दिसते आणि भूम फिके. वाचणारा ते फिकेपण पक्ष्यांचे समजतो. वस्तुतः ते माणसांचे असते. धाराशिवच्या बाबतीत हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. जिल्ह्याच्या आतही हाच कल दिसण्याचा धोका आहे: येडशीचा घाट, नळदुर्गचा किल्ला आणि मोठी धरणे यांच्या याद्या होतील, कुसळी माळाची कोणी करणार नाही, कारण तिथे तासभर चालून हाती पाच नावे लागतात. २०२३ च्या अहवालानुसार मात्र ज्यांची घट विशेष काळजीची आहे त्यांत याच मोकळ्या गवताळ जागांचे पक्षी येतात.

दुसरे, काळाचा कल. नोंदी हिवाळ्यात आणि सुट्टीच्या दिवशी जास्त होतात. मृगात, चिखल तुडवत, कोण जाणार? पण चंडोलापासून सुगरणीपर्यंत अनेकांची वीण पावसाळ्याच्या आगेमागेच असते. रात्री बोलणारे रातवे आणि घुबडे तर बहुतेक याद्यांतून सुटतातच. शिवाय हा अवर्षणप्रवण जिल्हा. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी कळंबच्या बाजूला पाणपक्षी कमी दिसले, तर ती पक्ष्यांची घट की पाण्याची? एकाच वर्षाची यादी याचे उत्तर देत नाही. दोन चांगल्या पावसांची आणि दोन दुष्काळांची मालिका लागते.

तिसरे, ओळखीच्या चुका. तिरचिमण्या, वटवटे, चंडोल, उडते शिकारी पक्षी यांत जाणकारही अडखळतात. ई-बर्डमध्ये प्रत्येक भागासाठी ठरवलेल्या मर्यादा आहेत. अनपेक्षित जात किंवा अनपेक्षित संख्या आली की ती नोंद अडते आणि स्वयंसेवक परीक्षक छायाचित्र किंवा वर्णन मागतो. ही चाळणी दुर्मीळ पक्ष्यांसाठी चांगली चालते. पण जिथे दोन्ही जाती अपेक्षित आहेत तिथे एकीच्या जागी दुसरी लिहिली गेली तर ती चूक अलगद आत जाते. आवाजावरून नाव सुचवणाऱ्या ॲपमुळे हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे: पक्षी निरीक्षकाने ऐकला की फोनने?

इथे एक गोष्ट तोलून पाहावी लागते. नमुन्यांवर आधारलेले जुने विज्ञान चुकांपासून मुक्त होते असे नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. रानपिंगळा १८८० च्या दशकानंतर खात्रीने सापडला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला तो मिळवल्याचे नमुन्यासह सांगितले होते आणि शोध घेणारे त्या मागावर गेले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी दाखवून दिले की तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेल्या जुन्या पक्ष्यांपैकीच होता; संग्रहालयातून उचलून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा जिवंत सापडला तो नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ. तात्पर्य, कातडे हातात असले तरी त्यावरची चिठ्ठी तपासावी लागते. मोबाइलवरच्या यादीलाही तोच नियम लागू आहे, इतकेच.

चौथा आक्षेप सर्वांत तांत्रिक आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला. नागरिकांच्या याद्यांतून किती टक्के याद्यांत अमुक पक्षी आला हे काढता येते. पक्षी एकूण किती, हे काढता येत नाही. शंभरांपैकी ४० याद्यांत दिसणारा नीलपंख पुढे ३० याद्यांत दिसू लागला तर तो घटला असे धरले जाते. पण मधल्या काळात निरीक्षकच बदलले असतील तर? जुने अनुभवी, गावाबाहेर तासनतास फिरणारे. नवे बहुसंख्य, घराच्या गच्चीवरून १५ मिनिटे पाहणारे. अहवालाचे कर्ते या बदलाची भरपाई करतात: यादीत एकूण किती जाती आल्या, ती कोणत्या चौकोनातली, कोणत्या ऋतूतली, हे हिशेबात धरतात. ही भरपाई पुरेशी आहे का, यावर मात्र एकमत नाही. २००० पूर्वीचा आधारकाळ बराचसा लोकांनी नंतर चढवलेल्या जुन्या वह्यांवर उभा आहे, हे सर्वांनाच मान्य आहे. जुन्या वहीत नेहमीचे पक्षी गाळलेले असण्याची शक्यता अधिक, म्हणून तिथे चूक उलट्या दिशेनेही होऊ शकते: पक्षी प्रत्यक्षात घटला, पण नोंदीत स्थिर दिसला.

मधली वाट

दोन्ही बाजूंचे बरेच अभ्यासक आता आराखड्यानुसार केलेल्या नागरिक-मोजणीकडे वळताना दिसतात. निरीक्षक हौशीच, पण कुठे जायचे ते आधी ठरलेले. केरळचा पक्षिनकाशा हे देशातले सर्वांत पूर्ण उदाहरण. २०१५ ते २०२० या काळात सुमारे १,००० स्वयंसेवकांनी राज्याचे चौकोन पाडून, दर चौकोनाला ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही ऋतूंत भेट देऊन, ३ लाखांहून अधिक नोंदी आणि ३६१ जाती नोंदल्या. चौकोन चिठ्ठी टाकल्यासारखे निवडलेले असल्याने ‘इथे पक्षी नाहीत’ असे म्हणण्याचा अधिकार या नकाशाला आहे.

केरळची घनता धाराशिवला लगेच परवडणारी नाही. पण साधा हिशेब करून पाहता येतो. १० किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले तर जिल्ह्यात सुमारे ७५ चौकोन होतात. दर चौकोनात वर्षातून दोनदा, हिवाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा, एक सकाळ घालवायची तर दीडशे सकाळी लागतात. आठ तालुक्यांत मिळून २० निरीक्षक तयार झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला सात-आठ सकाळी येतात. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा आणि धाराशिव शहराजवळ मराठवाडा विद्यापीठाचा परिसर आहे, महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. अशा विभागांकडून तलावनिहाय पक्षियाद्या मराठवाड्यात पूर्वीपासून होत आल्या आहेत. त्या बहुतेक एकेका तलावाच्या आणि एक-दोन वर्षांच्या असतात, आणि बहुतेकदा त्यांत जातींची नावे असतात, पण किती वेळ पाहिले हे नसते. तेवढा एक रकाना वाढवला तरी त्यांचे मोल बदलते.

याहूनही सोपी पद्धत म्हणजे ठरलेला बिंदू. एक पाझर तलाव, एक माळ, एक शेताचा बांध. तिथे दर पंधरवड्याला १५ मिनिटे, वर्षानुवर्षे. व्याप्ती नाही, पण सातत्य आहे. एका माळावरच्या याद्यांत डोंबारी पाच वर्षे सतत येत होता आणि मग तिथे रोपवनाचे खड्डे खणल्यावर तो येईनासा झाला, असे काही टिपायचे तर ते याच पद्धतीने टिपले जाईल. गवताळ माळ सरकारी दफ्तरात अनेकदा पडीक म्हणून लिहिले जातात आणि वृक्षलागवडीसाठी तेच आधी निवडले जातात. झाडे लावण्याच्या सद्हेतूने माळाच्या पक्ष्याचे घर जाऊ शकते, ही गोष्ट गवताळ प्रदेशांचे अभ्यासक बऱ्याच काळापासून सांगत आहेत. ती जिल्ह्याच्या पातळीवर सिद्ध करायला लागवडीआधीची आणि नंतरची यादी हवी, आणि आधीची यादी सहसा नसते.

कोणाचे ज्ञान, कोणत्या भाषेत

नागरिक-विज्ञानातला ‘नागरिक’ कोण, हाही या चर्चेचा भाग आहे. दुर्बीण, स्मार्टफोन, इंग्रजी नावांची सवय आणि रविवारची फुरसत असणारा वर्ग मर्यादित आहे. उस्मानाबादी शेळ्यांचा कळप घेऊन दिवसभर माळावर असणारा गुराखी, मेंढ्या हाकणारा धनगर, राखणीला बसणारी शेतकरीण यांचे पाहणे कोणत्याही यादीत येत नाही. तित्तिराच्या आणि लाव्याच्या जागा, त्यांच्या विणीचा काळ, त्यांची हाक यांबद्दल पारधी समाजातल्या जाणत्यांइतके बारीक ज्ञान क्वचितच कोणाकडे असेल. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा ठरली आणि त्या समाजाकडे संशयाने पाहण्याची जुनी रीतही सुटलेली नाही. अशा स्थितीत ते ज्ञान उघडपणे पुढे कसे येणार?

भाषेचा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. बोलीत ‘बगळा’ म्हणजे चार-पाच जाती, ‘करकोचा’ म्हणजे दोन वेगळ्या कुळांतले पक्षी, ‘चंडोल’ म्हणजे माळावरचा जवळपास कोणताही मातकट पक्षी. गावकऱ्याची नोंद जशीच्या तशी घेतली तर जात नक्की होत नाही. दुसरीकडे बोलीने काही पक्षी वागण्यावरून अचूक वेगळे काढले आहेत: पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो तेव्हा तो कोणता पक्षी याबद्दल शिवारात शंका नसते, आणि तो यंदा कधी बोलला हे शेतकऱ्याला पेरणीच्या तारखेसोबत आठवते. आगमनाच्या तारखा गोळा करणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. अशा नोंदीसाठी औपचारिक जागा आहे ती २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या लोकजैवविविधता नोंदवहीत. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी ती ठेवायची असते. ती एकदा भरून कपाटात जाते की दरवर्षी उघडते, यावर तिचा उपयोग ठरतो. पक्ष्यांच्या याद्या आणि ही नोंदवही यांना जोडण्याचे काम अजून बहुतांशी बाकी आहे.

उपयोग आणि जोखीम

नोंदींचा उपयोग निर्णयांत व्हावा, याबद्दल कोणाचा विरोध नाही. धाराशिवमध्ये हा विषय बालाघाटच्या पठारावर उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांमुळे तातडीचा झाला आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांना पूर्वपरवानगीची अट नाही. त्यामुळे पाती आणि तारा उभ्या राहण्याआधी तिथे कोणते शिकारी पक्षी घिरट्या घालत होते, भोवत्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची गवते कुठे होती, हे सांगणारा अधिकृत कागद असेलच असे नाही. अशा वेळी एखाद्या हौशी निरीक्षकाची तीन हिवाळ्यांची यादी हाच एकमेव आधार ठरू शकतो. उलट बाजूने, यादी नसणे हे ‘पक्षी नाहीत’ याचा दाखला म्हणून पुढे केले जाऊ शकते. रिकाम्या नकाशाचा असा अर्थ कोणी काढू नये, यावर दोन्ही बाजूंचे अभ्यासक सहमत आहेत.

जोखीम ठिकाण उघड होण्याची आहे. माळढोकासारख्या पक्ष्यांच्या नेमक्या जागा ई-बर्ड सार्वजनिक करत नाही. पण समाजमाध्यमांवर टाकलेल्या छायाचित्राला ती चाळणी नसते, आणि घरट्याभोवती कॅमेऱ्यांची गर्दी झाली की पक्षी अंडी सोडतो. दुसरीकडे, जागा लपवली तर तिच्या रक्षणासाठी ती दाखवता येत नाही. हा पेच कोणत्याही नियमावलीने पुरता सोडवलेला नाही.

अनिर्णित

काही प्रश्न खुले आहेत. अनुभवी आणि नवख्या निरीक्षकांच्या याद्या एका तराजूत घालण्याची भरपाई-पद्धत देशपातळीवर निदान वापरता तरी येते. जिल्ह्याच्या पातळीवर, जिथे वर्षाकाठी मोजक्या याद्या होतात, तिथे ती टिकत नाही. मग जिल्ह्याबद्दल काही बोलूच नये, की राज्याचा कल गृहीत धरावा? राज्याचा कल कोकण-सह्याद्रीच्या आणि पुण्या-मुंबईच्या याद्यांनी घडलेला असतो. बालाघाटच्या माळाला तो लावणे धाडसाचे आहे. जुन्या वह्या चढवाव्यात, पण त्यांना कोणता दर्जा द्यावा? सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, त्याचा भोरडीवर, चंडोलावर काय परिणाम झाला, हे सांगायला बदलापूर्वीच्या पुरेशा याद्या हव्यात. पीक मात्र यादीची वाट न पाहता बदलले.

आणि शेवटचा प्रश्न सातत्याचा. लहान जिल्ह्यांत नोंदी दोन-चार माणसांवर चालतात. त्यांतले अनेक शिक्षक, वनरक्षक, बँकेतले किंवा महसुलातले कर्मचारी असतात, आणि त्यांच्या बदल्या होतात. असा एखादा माणूस जून महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात रुजू झाला की त्याच्या तालुक्याच्या याद्या त्याच महिन्यापासून थांबतात. आलेखावर ती रेघ पक्षी निघून गेल्यासारखीच दिसते. विश्लेषक अशी वर्षे वगळतात. वगळता येतील इतकी दुसरी वर्षे त्या तालुक्याकडे असतील तर.